एआय एजंटसाठी डेटाबेस-पाहणीच्या टूलची माहिती लिहिताना: इंदूरमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरमधली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी, औषधांच्या होलसेलवाल्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवते. बरेचसे ग्राहक दवा बाजारातले, काही उज्जैन-देवासकडचे. मी तिथल्या टीममध्ये आहे आणि हे लिहायचं काम माझ्याकडेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतेय. कंपनीचं, पार्ट्यांचं (म्हणजे आमच्या ग्राहकांचं), कोणाचंच नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरवरचा आणि बराच जुना, व्हॅटच्या काळातला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला तेव्हा नवीन टेबलं बनवायला कोणाकडे वेळ नव्हता, त्यामुळे आहे त्यातच कॉलम वाढवले. म्हणून आजही बिलाच्या टेबलात जो 'टॅक्स' नावाचा कॉलम आहे त्यात त्या तारखेआधी व्हॅट आहे आणि नंतर जीएसटीची एकूण रक्कम. हे टीममध्ये सगळ्यांना तोंडपाठ, लिहिलेलं कुठेच नव्हतं.

हा डेटाबेस बघायला एक कमांड लाइनचं टूल आहे, आम्ही त्याला 'पाहणी' म्हणतो. आमचे सगळ्यात सीनियर डेव्हलपर, ज्यांना ऑफिसात मराठी-हिंदी सगळेच दादा म्हणतात, त्यांनी ते कधीतरी स्वतःसाठी लिहिलं होतं. टेबलांची यादी, एखाद्या टेबलाचे कॉलम आणि इंडेक्स, नमुन्याच्या ओळी, सिलेक्ट (म्हणजे फक्त वाचणारी) क्वेरी चालवणं, क्वेरीचा प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती कशी चालवणार ते बघणं, एवढंच करतं पण छान करतं. हेल्प कमांड दिली की एक स्क्रीनभर माहिती येते आणि त्यापुढचं काही अडलं तर दादांना विचारायचं, अशी पद्धत होती आणि ती व्यवस्थित चालत होती.

मग २०२५ च्या सुरुवातीला सपोर्टसाठी एआय एजंट घेतला, म्हणजे स्वतः कमांड चालवून काम करणारा एआय. तक्रार आली की एजंट 'पाहणी' चालवून डेटा बघतो, उत्तराचा मसुदा लिहितो, आणि सपोर्टच्या ताई तो वाचून, तपासून पार्टीला पाठवतात. एजंटला काय दिलं? तीच स्क्रीनभर हेल्प.

अडचण

रंगपंचमीची गेर (इंदूरची रंगांची मिरवणूक) झाली की आमच्याकडे मार्च क्लोजिंगची धावपळ लागते आणि त्यात एक्स्पायरीचा हिशेब येतो, कारण मुदत संपलेला माल कंपनीला परत पाठवून त्याची क्रेडिट नोट वर्ष संपायच्या आत पदरात पडावी असं प्रत्येक होलसेलवाल्याला वाटतं. एका पार्टीने विचारलं, आमच्याकडे एक्स्पायर झालेल्या बॅच किती, यादी द्या. एजंटने टूल चालवलं आणि लिहिलं की एकूण ५० बॅच एक्स्पायर आहेत, खाली नीट यादी, बॅच नंबर, तारखा, सगळं. ताई त्या ५० वर थांबल्या. एवढा गोल आकडा त्यांना पटेना, त्यांनी पार्टीला फोन लावला तर पलीकडून उत्तर आलं, "दीदी, एक रैक में ही इससे ज़्यादा पड़ी हैं।"

झालं असं होतं की 'पाहणी' डिफॉल्टने ५० ओळी दाखवतं आणि पुढचं दाखवत नाही, दाखवलं नाही हेही सांगत नाही. माणसाला ते कळतं, कारण तो स्क्रीनकडे बघतो आणि म्हणतो अरे हे अर्धवट दिसतंय. एजंटच्या हातात फक्त आलेला मजकूर असतो. त्या मजकुरात "अजून आहे" असं काही नसेल तर त्याच्या दृष्टीने तेवढंच जग आहे, आणि तो ते ठामपणे लिहितो. ताईंच्या नजरेतून सुटलं असतं तर पार्टीने तेवढाच माल परत पाठवला असता आणि उरलेल्याचे पैसे कदाचित बुडाले असते.

त्यानंतर आम्ही एजंटचे जुने मसुदे काढून बसलो आणि एकेक दिसायला लागलं. टेबलांच्या यादीत प्रत्येक टेबलापुढे ओळींचा जो आकडा येतो तो मोजलेला नसतो, पोस्टग्रेसच्या स्वतःच्या नोंदीतला अंदाज असतो, आणि ज्या टेबलावर पोस्टग्रेसचं देखभालीचं काम, म्हणजे व्हॅक्यूम किंवा अ‍ॅनालाइझ एकदाही चाललेलं नाही तिथे आवृत्ती १४ पासून उणे १ येतो. एजंटने एका नव्या टेबलाबद्दल "ओळींची संख्या ऋण आहे, डेटा खराब झालेला दिसतो" असं लिहून ठेवलं होतं. काही जुन्या टेबलांच्या नावात कॅपिटल अक्षरं आहेत, ती डबल कोट्समध्ये लिहिली नाहीत तर पोस्टग्रेस सगळं नाव लहान अक्षरांत करून शोधतं आणि टेबल नाहीच म्हणतं. एजंटने ते मान्य केलं आणि "असं टेबल अस्तित्वात नाही" असं कळवलं, जरी थोडं वर त्यानेच यादीत ते पाहिलं होतं. लांब बॅच नंबर टूल मधेच कापून शेवटी तीन टिंबं लावायचं, ती टिंबंसुद्धा एका मसुद्यात बॅच नंबरचा भाग म्हणून आली.

सगळ्यात काळजीचं निघालं ते प्लॅनचं. प्लॅन कमांडला एक पर्याय होता खरा लागलेला वेळ दाखवायचा, आतून तो एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालवतो. साधं एक्सप्लेन फक्त अंदाज सांगतं, पण अ‍ॅनालाइझ जोडलं की क्वेरी खरोखर चालते, अपडेट असेल तर अपडेट खरंच होतं. एजंटने आपण सुचवलेलं एक अपडेट "किती जड पडेल" म्हणून असंच तपासलं. टेस्टिंगच्या कॉपीवर होतं म्हणून निभावलं, पण ते कळलं तेव्हा दादांसकट सगळे गप्प झाले.

कोणते पर्याय होते

पहिला विचार सगळ्यांच्याच मनात आला, की एक मोठं मॅन्युअल लिहून एजंटला द्यावं. सगळ्या टेबलांची माहिती, सगळे अपवाद, सगळं एका फाइलमध्ये. मी तसा मसुदा केलाही. अडचण अशी की एजंट प्रत्येक वेळी ते अख्खं वाचणार, त्याचा खर्च होणार, आणि लांबलचक मजकुराच्या मधोमध दडलेली सूचना त्याच्याकडून सुटते हे आम्हाला चाचणीत लगेच दिसलं. ५० ओळींची सूचना मसुद्यात होती तरी एजंटने परत तीच चूक केली, कारण ती सूचना आणि ती चूक यांच्यात कितीतरी पानांचं अंतर होतं.

दुसरं, टूल बाजूला ठेवून एजंटला सरळ डेटाबेस द्यावा. हे आम्ही फार वेळ चर्चेत ठेवलं नाही.

तिसरं, टूलला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये बसवावं. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेलं, एआयला टूल जोडायचं हे मानक, त्यात प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि त्याला काय इनपुट लागतं हे ठरलेल्या आकारात लिहिता येतं. चांगलं आहे, पुढे केलंही. पण त्या घडीला माझं म्हणणं होतं की आकार कोणताही घ्या, वर्णनात लिहायचं काय तेच जर आपल्याला माहीत नाही तर जुनाच गोंधळ नव्या खोक्यात जाईल. आणि एखादं टूल फक्त वाचणारं आहे अशी खूण तिथे करता येते खरी, पण ती नुसती सूचना असते, त्याने काही अडत नाही.

चौथा पर्याय होता टूलच बदलायचा आणि माहिती टूलच्या उत्तरातच घालायची. इथे दादांचा आणि माझा मतभेद झाला, तो नीट सांगायला हवा कारण खरा निर्णय तिथेच झाला. दादांचं म्हणणं, टूल इतकी वर्षं चालतंय, सपोर्टच्या मुलांच्या हाताला त्याची सवय आहे, एजंटसाठी टूल कशाला बदलायचं, तू फक्त लिही. त्यात तथ्य होतं, कारण त्या आउटपुटवर दोन-तीन जुन्या स्क्रिप्टही अवलंबून होत्या. मी त्यांना माझा मसुदा वाचायला दिला आणि त्यातली जी जी वाक्यं "लक्षात ठेवा की" अशी सुरू होतात त्यांच्यावर खूण करायला सांगितलं. बहुतेक खुणा अशा ठिकाणी पडल्या जिथे टूलने स्वतः एक ओळ छापली असती तर माझ्या वाक्याची गरजच उरली नसती. दादांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं, जुनं आउटपुट तसंच ठेवू, एजंटसाठी वेगळा मोड करू." तिथून काम मार्गी लागलं.

काय केलं

लिहिण्याच्या आधी लॉगिन. एजंटला वेगळा रोल, म्हणजे डेटाबेसमधलं वेगळं खातं दिलं, फक्त सिलेक्टचा अधिकार. आधी नुसती रीड-ओन्लीची डिफॉल्ट सेटिंग लावू असं चाललं होतं, पण ती फक्त डिफॉल्ट असते, त्याच सेशनमध्ये कोणीही एक ओळ लिहून ती बंद करू शकतं. आणखी एक गोष्ट दादांच्या लक्षात आली जी मला सुचली नसती. पोस्टग्रेसमध्ये फंक्शन बनवलं की ते चालवायचा अधिकार आपोआप सगळ्यांना मिळतो, आणि आमचं स्टॉक परत मोजायचं एक जुनं फंक्शन मालकाच्या अधिकाराने चालणारं होतं, म्हणजे सिलेक्टमधून ते बोलावलं तरी स्टॉक बदलला असता. तो अधिकार काढला. क्वेरीला वेळेची मर्यादा घातली. खऱ्या वेळेचा प्लॅन एजंटच्या मोडमधून काढूनच टाकला, आणि पार्टीचे फोन नंबर, ड्रग लायसन्स नंबर झाकून दाखवायची सोय केली, कारण ओळी बाहेरच्या कंपनीच्या एआय मॉडेलकडे जातात आणि डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झालाय, त्याच्या कक्षेत आपणही येतो हे छोट्या कंपन्या सोयीस्कर विसरतात.

मग आउटपुट. ५० ओळींच्या शेवटी आता टूल सांगतं: "५० ओळी दाखवल्या, अजून आहेत. एकूण हवं असेल तर 'मोज' कमांड वापरा." अजून आहेत हे कळायला पूर्ण मोजावं लागत नाही, आतून ५१ ओळी मागवायच्या आणि शेवटची दाखवायची नाही, एवढंच. यादीतल्या आकड्यापुढे "अंदाज" असं लिहून येतं आणि उणे १ च्या जागी "अजून मोजलेलं नाही". टेबल सापडलं नाही तर टूल जवळची नावं सुचवतं आणि कोट्ससकट कसं लिहायचं तेही दाखवतं. लांब मजकूर कापत नाही. आणि चूक झाली तर एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'सगळं ठीक' ही खूण, देत नाही, जे आधी देत होतं.

एवढं झाल्यावर हेल्प फार छोटी उरली. टूल काय करतं, काय करत नाही, कुठून सुरुवात करायची, आणि प्रत्येक कमांडचं एक खरं उदाहरण त्याच्या खऱ्या आउटपुटसकट. 'काय करत नाही' हा भाग मी मुद्दाम वर ठेवला: लिहीत नाही, 'मोज' म्हटल्याशिवाय पूर्ण मोजत नाही, आणि कॉलमचा अर्थ नावावरून ओळखू नका, 'अर्थ' कमांड चालवा.

'अर्थ' ही नवी कमांड होती आणि माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची. पोस्टग्रेसमध्ये टेबलाला आणि कॉलमला कॉमेंट लिहून ठेवता येते, डेटाबेसमध्येच राहते, बॅकअपबरोबर जाते. आमच्याकडे जवळपास सगळ्या रिकाम्या होत्या. त्या भरायला मी ताईंच्या शेजारी बसले, कारण कॉलमचा अर्थ प्रोग्रॅमरपेक्षा त्यांनाच जास्त माहीत होता. 'नग' म्हणजे स्ट्रिप, गोळी नाही. स्कीमचा माल, म्हणजे दहावर एक फ्री वगैरे, वेगळ्या कॉलममध्ये असतो, स्टॉक मोजताना दोन्ही मिळवायचे. 'टॅक्स'चं १ जुलै २०१७ चं वर सांगितलंच.

आणि एक्स्पायरीचं. ताई म्हणाल्या, परत पाठवलेली एक्स्पायरी तू फक्त परचेस रिटर्नमध्ये शोधशील तर अर्धीच मिळेल. मला हे अजिबात माहीत नव्हतं. जीएसटीच्या ऑक्टोबर २०१८ च्या एका परिपत्रकात मुदत संपलेली औषधं परत पाठवायचे मार्ग सांगितले आहेत: एक तर नवीन सप्लाय समजून बिल बनवून पाठवा, नाहीतर डिलिव्हरी चालानवर पाठवा आणि समोरचा क्रेडिट नोट देईल. काही पार्ट्या पहिला मार्ग घेतात, तेव्हा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो माल सेल्सच्या टेबलात जातो आणि त्याची खूण म्हणजे एक छोटा कोड. स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, कितीही वेळा बघितला तरी एजंटला काय, नवीन आलेल्या डेव्हलपरलाही हे कळणार नाही. रिटर्नच्या टेबलाला कॉमेंट लिहिली: "कंपनीला परत गेलेली एक्स्पायरी इथे पूर्ण नाही. बिल बनवून पाठवलेला माल सेल्समध्ये आहे, प्रकार कोड बघा." एवढ्या ओळीसाठी अख्खी दुपार गेली आणि ती सत्कारणी लागली असं मला वाटतं.

शेऱ्याच्या कॉलमचं वेगळंच निघालं. तिथे मुनीम ऑपरेटरसाठी काहीही लिहून ठेवतात. एका बिलावर होतं "डबल चढ़ गया है, पुराना वाला हटा देना", आणि एजंटने मसुद्यात शिफारस केली की जुनी एन्ट्री डिलीट करावी. मुनीमजींनी ते आपल्या माणसाला लिहिलं होतं, आणि ते काम तेव्हाच झालंही होतं. म्हणून एजंटच्या मोडमध्ये ओळींमधला मजकूर आता वेगळ्या चौकटीत येतो आणि वर लिहिलेलं असतं की ही नोंदलेली माहिती आहे, तुमच्यासाठी सूचना नाही. फक्त या ओळीच्या भरवशावर मात्र राहू नये. कोणी मुद्दाम काही लिहिलं तर ती ओळ पुरेलच असं नाही, खरा आधार लॉगिनला लिहिता येत नाही याचा आणि मसुदा ताईंच्या हातून जातो याचा आहे.

निकाल

तपासायला आम्ही जुन्या तक्रारींतून असे प्रश्न काढले होते ज्यांची बरोबर उत्तरं ताईंकडे होती, आणि प्रत्येक बदलानंतर तेच प्रश्न एजंटला दिले. अर्धवट यादीला पूर्ण म्हणायची चूक थांबली. टेबल नाहीच असं सांगणं थांबलं. एक्स्पायरीच्या प्रश्नाला तो दोन्ही टेबलं बघायला लागला आणि मसुद्यात तसं लिहायलाही लागला, त्यामुळे ताईंचं तपासणं सोपं झालं.

एक नवीन त्रासही आला. 'मोज'ची आठवण टूल दर वेळी करून देत असल्यामुळे एजंट उठसूट मोजायला लागला, आणि पोस्टग्रेसमध्ये मोठ्या टेबलाची पूर्ण मोजणी स्वस्त नसते, प्रत्येक ओळ आत्ता दिसण्याजोगी आहे का ते बघावं लागतं. सकाळी बाजार उघडायच्या वेळी बिलिंग जड झालं. मग वेळेची मर्यादा अजून कमी केली, आणि संदेशात "उत्तरासाठी पूर्ण आकडा खरोखर लागत असेल तरच" हे शब्द घातले. त्या शब्दांनी फरक पडला, मोजणी बरीच कमी झाली.

मग २२ सप्टेंबर २०२५ आलं. जीएसटीचे दर बदलले, बहुतेक औषधं १२ टक्क्यांवरून ५ वर आली. काही दिवसांत एजंटच्या एका मसुद्यात आलं की या पार्टीला ऑगस्टच्या बिलात जास्त टॅक्स लावला गेलाय, फरक परत द्यावा. ताईंनी अडवलं. कॉमेंट होती "वस्तूचा जीएसटी दर", आणि लिहिली तेव्हा ती बरोबर वाटली होती, पण आयटम मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या मूळ यादीत, फक्त चालू दर असतो, बिलाच्या दिवशीचा दर बिलाच्या ओळीत असतो, हे तिच्यात नव्हतं. आता आहे.

परत करायचं तर

लॉगिनचा अधिकार एजंटला टूल द्यायच्या आधी ठरवायला हवा होता, त्यावर टीममध्ये आता दुमत नाही. टेस्टिंगच्या कॉपीवर निभावलं हा योग होता.

लिहायची सुरुवात मॅन्युअलने करू नये असं माझं पक्कं मत झालंय. आधी एजंटला आहे ते टूल देऊन, निरुपद्रवी कॉपीवर, खरे प्रश्न सोडवू द्यावेत आणि तो कुठे घसरतो ते बसून बघावं. आम्ही घरी बसून जे धोके कल्पनेने लिहिले होते त्यातले बरेच कधी आलेच नाहीत, आणि तीन टिंबांचं किंवा मुनीमजींच्या शेऱ्याचं आम्हाला स्वप्नातही आलं नसतं.

ताईंना पहिल्या दिवसापासून या कामात घ्यायला हवं होतं. आमच्यासारख्या कंपन्यांत सपोर्टच्या लोकांना कोणी डॉक्युमेंटेशनच्या मीटिंगला बोलावत नाही, आणि डेटाचा अर्थ तर त्यांच्याकडेच असतो.

दराच्या प्रकारानंतर दोन गोष्टी बदलल्या. नवीन टेबल किंवा कॉलम कॉमेंटशिवाय आला तर बिल्ड पास होत नाही, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीच तयार होत नाही. आणि ज्या कॉलमचा अर्थ तारखेवर अवलंबून आहे त्याच्या कॉमेंटमध्ये "कधीपासून" लिहावंच लागतं. असे कॉलम किती आहेत ते शोधायचं काम अजून चालू आहे. ताई जुनी परिपत्रकं काढून देतात, दादा कोड बघतात आणि मी कॉमेंट लिहिते. व्हॅटच्या काळातल्या बाकीच्या टेबलांपर्यंत अजून पोहोचलो नाही.